पुंजाजी कप्तानाचं आवतन

पुंजाजी कप्तानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मैदानाच्या मधोमध उताणे पडले होते.

वाशीमच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. संध्याकाळी पाय मोकळे करायला तळ्यामागच्या माळाकडे गेलो, तर तिथे पिकल्या मिशांचे दहा-अकरा गृहस्थ धोतराचे काचे मारून एका फुटबॉलमागे धावत होते. धावत होते असं आपलं म्हणायचं. निम्मा वेळ ते कमरेवर हात ठेवून उभेच होते. तेवढ्यात त्यांतला सगळ्यात उंच माणूस चेंडूला लाथ मारायला गेला, चेंडू राहिला जागेवर आणि माणूस आडवा झाला. मी धावत गेलो. दोघांनी बगलेत हात घातले तरी ते उठेनात. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि खेकसले, "माह्याकडे काय पाहून राह्यले? बाल कुठी गेला ते पाहा आधी!"

चेंडू कुठेही गेला नव्हता. त्यांच्या पायाशीच पडला होता.

खेळ या प्रकाराशी माझा संबंध फार जुजबी. मी भूगोल शिकवायचो, आणि पृथ्वी सोडून दुसऱ्या कुठल्याही गोल वस्तूबद्दल मला कधी प्रेम वाटलं नव्हतं. पण खोली भाड्याने मिळाली ती नेमकी कप्तानांच्या शेजारी, त्यामुळे पुढची चार वर्षं त्या चेंडूपासून माझी सुटका झाली नाही. कप्तान शेतकरी. गावाच्या कडेला घर, अंगणात गोठा, गोठ्यात दोन बैलजोड्या. तरुणपणी कुणी गोरा अंमलदार वाशीमला होता, त्याने गावातल्या चार पोरांना फुटबॉल शिकवला. अंमलदार गेला आणि चेंडू मागे राहिला. त्या चेंडूभोवती पुंजाजींनी संघ उभा केला, तेव्हापासून ते कप्तान. त्यांची बायको हयात असताना तीही त्यांना कप्तानच म्हणायची, असं शेजारी सांगत.

चेंडूची जागा गोठ्यात. बैलांच्या घुंगरमाळा जिथे टांगलेल्या, त्याच खुंटीला तो जाळीत लटकलेला असे. दर आठवड्याला बैलांच्या शिंगांना तेल लावलं की त्याच हाताने चेंडूलाही लावायचे. खेळाची त्यांची सगळी भाषाही गोठ्यातलीच. डावीकडचा गडी तो डावा बैल, उजवीकडचा तो उजवा. कुणी एकटाच चेंडू घेऊन सुसाट निघाला की ओरडायचे, "अरे, जोडीनं चाल! एका बैलानं गाडी चालत नसते बापा!" सामना चालू असताना डाव बदलायचा झाला तर बैलबाजारातली रीत. गड्याला जवळ बोलवायचं, दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आणि खाली बोटं दाबून सांगायचं काय ते. बाजारात किंमत तिसऱ्याला कळू नये म्हणून हे करतात. इथे समोरच्या संघाला कळू नये म्हणून. बऱ्याचदा ते आपल्या गड्यालाही कळायचं नाही, तो भाग वेगळा.

माझ्या बोलण्याची त्यांना मोठी गंमत वाटे. "मास्तर, तुमची मराठी लय इस्तरीची हाये," म्हणायचे. "बोलताना घडी मोडन म्हून भेता का?" मी चार वर्षं वऱ्हाडात काढली, पण जीभ काही वळली नाही. त्यांनी सोडलं मात्र नाही. रोज सकाळी कुंपणावरून एक वाक्य फेकायचे आणि मला म्हणायला लावायचे. मी म्हटलं की गोठ्यातल्या बैलाला सांगायचे, "आयकलं का? पुन्याहून आलेत हे." मी पुण्याचा नव्हतोच. पण इस्तरी केलेलं सगळं त्यांच्या लेखी पुण्याचं होतं.

त्यांच्या संघाचा वर्षातला खरा सामना एकच, दसऱ्याचा. कारंज्याचा संघ बैलांच्या दमण्या जुंपून यायचा, दुपारी सामना व्हायचा आणि मग सगळे मिळून सीमोल्लंघनाला जायचे. या सामन्याच्या आदल्या संध्याकाळचा एक रिवाज कप्तानांनी स्वतः घातला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतो आणि त्यांच्या कानाशी म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर ज्यांनी ओढलं त्यांना दिलेलं हे आमंत्रण. कप्तानांनी ते तसंच्या तसं उचललं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे गडी त्यांच्या अंगणात ओळीने बसायचे. कप्तान वाटी घेऊन एकेकापुढे बसत, त्याचे गुडघे लोणी-हळदीने चोळत आणि म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या खेळायले या." आवतन ज्याला मिळालं तोच मैदानात. गावात ज्याच्या गुडघ्याला त्या संध्याकाळी हळद दिसे त्याची मान दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली होत नसे.

मी आलो तेव्हा हळद लागलेले ते सगळे गुडघे पन्नाशीच्या आसपासचे होते. गोलात उभे राहायचे उस्मानचाचा. ते पिंजारी होते. गाद्या भरून भरून त्यांच्या छातीत कापूस बसला होता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. चेंडू कुठून येतो ते त्यांना दिसायचं नाही, ऐकू यायचं. लोक कडेला उभे राहून मुद्दाम टाळ्या वाजवायचे आणि उस्मानचाचा भलत्याच बाजूला झेप घ्यायचे. दरवर्षी हा संघ हरायचा. चार गोलांनी हरला तर कप्तान खूश असत. "औंदा कमी झाले," म्हणत आणि उपरण्याच्या गाठीतला गूळ न् भाजलेले दाणे दोन्ही संघांना वाटत.

नवी पोरं कशी नाहीत, हे कप्तानांचं रोजचं रडगाणं होतं. बाजारात, पारावर, देवळाच्या पायरीवर, माणूस भेटला की सुरू. "पोट्टेच नाहीत हो! आमी म्हातारे किती दिवस पळावं? पह्यले एका हाकेत गल्ली रिकामी होये. आता हाक मारा, कुत्रं येत नाही." ऐकणारा मान डोलवायचा. मलाही वाईट वाटायचं. शाळेच्या आवारात जी पोरं चिंध्यांचा चेंडू करून गुडघे फोडून घेत होती, ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यांत गजा म्हणून एक होता. काटकुळा, सावळा, वर्गात बाकावरही पाय हलवत बसणारा. पायात चेंडू असला की तो पोरगा वेगळाच दिसायचा. खेळातलं काही न कळणारा मी, पण खिडकीशी उभा राहून पाहत राहायचो.

मग मी शहाणपणा केला. गजासकट चार पोरं घेऊन एका संध्याकाळी मैदानावर गेलो. वाटलं, म्हातारा मिठीच मारेल.

कप्तानांनी पोरांना ओळीने उभं केलं. बैलबाजारात जनावर पाहतात तसे ते सगळ्यांभोवती एक फेरा मारून आले. मग एकेकापुढे खाली बसून पाय चाचपू लागले. पहिल्याला म्हणाले, "हा लय उंच हाये. वाऱ्यानं पडन." दुसरा बुटका निघाला. तिसऱ्याच्या बापाला दमा आहे असं त्यांना अचानक आठवलं. गजापुढे मात्र ते खाली बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच, त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत म्हणाले, "याचे घोटे बारीक हायेत. घेऊन जा."

"कप्तान, निदान त्याला एकदा खेळताना पाहा तरी," मी म्हणालो.

"मले नाही पाह्यचं. घेऊन जा म्हतलं ना!"

ते इतक्या मोठ्याने ओरडले की पोरं पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान पारावर बसून कुणाला तरी सांगत होते, "पोट्टेच नाहीत हो!" मी तिथूनच चाललो होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि कुंपणावरून वाक्यं येत राहिली तरी मी भूगोलाचं पुस्तक डोळ्यांपुढे धरून बसलो.

या सगळ्यामागचं काय ते मला उस्मानचाचांनी सांगितलं. उशी भरायला दिली होती, ती आणायला गेलो आणि रागाच्या भरात कप्तानांबद्दल बरंच बोललो. चाचा पिंजणावर कापूस पिंजत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांनी पिंजणाची तात हाताने दाबून आवाज थांबवला.

"मास्तरसाब, तुमी मानमोडीच्या साली कुठी होते?"

मानमोडी म्हणजे पहिल्या मोठ्या लढाईच्या अखेरीला आलेला तो ताप. मान टाकली की माणूस गेला, म्हणून नाव मानमोडी. मी तेव्हा लहान होतो. आमच्या घरातलेही दोघे गेले होते.

"त्या साली आमचा संघ कसा होता, तुमाले काय सांगू," चाचा म्हणाले. "कप्तानाचा कायदा होता. ज्याले मैदान सोडाचं, त्यानं आपल्या जागी जवान पोरगा उभा करून जाचं. आमी साऱ्यांनी पोरं शोधली. दोन दोन साल शिकवली. मी माह्या सगा भाई आणला, छोटा. अन कप्तानानं आपल्या जागेवर आणला लक्ष्मण. समोरच्या गल्लीतल्या सुभद्राबाईचा एकुलता एक. लगन झालेलं, बायको पोटुशी. काय पळे तो मास्तरसाब! बाल पायाले बांधल्यावानी."

"आणि कप्तानांचा स्वतःचा मुलगा?" मी विचारलं. महादेव नावाचा त्यांचा मुलगा अकोल्याला दुकान चालवायचा. दिवाळीला येई.

"महादेवले बाल मारताच येत नोहता. कप्तानानं त्याले आवतन नाही देलं. म्हणे, पोरगा माह्या हाये म्हून काय झालं, पाय तर कामाचा पायजे. महादेव लय रडला होता तवा."

त्या दसऱ्याला पहिल्यांदाच अकराच्या अकरा तरुण मैदानात उतरायचे होते. संध्याकाळी अंगणात त्यांच्या गुडघ्यांना लोणी-हळद लागली. आवतन देऊन झालं, आणि कुणीतरी बातमी आणली की कारंज्याला तापाची साथ आली आहे. तिकडे छोटी आगगाडी जाते, तिच्यातून कुठला तरी ताप उतरलाय म्हणे. दोघाचौघांनी सुचवलं, निरोप पाठवा, औंदा येऊ नका म्हणावं. कप्तान म्हणाले, देलेलं आवतन कोणी माघारी घेते का?

कारंज्याचे गडी आले. त्यांतले दोन-तीन खोकत होते. सामना आपल्या पोरांनी जिंकला. पावसाने रस्ता चिखल झाला होता म्हणून पाहुणे रात्री राहिले, दोन्हीकडचे गडी कापसाच्या जिनाच्या गोदामात सरकीच्या पोत्यांवर गप्पा मारत एकत्र निजले. कप्तानांनीच तशी सोय लावून दिली होती. चार दिवसांनी पहिला पोरगा पडला.

"अकरातले सात गेले," चाचा म्हणाले. "माह्या भाई तिसरा. लक्ष्मण शेवटचा. सुभद्राबाईच्या अंगणात आमी सारे उभे होतो. कप्तान पुढं झाला, काहीतरी बोलाले गेला. तिनं त्याच्याकडे पाह्यलं अन एकच बात बोलली. 'आपल्या पोराले बरं आवतन नाही देलं तुमी.'"

तात पुन्हा वाजू लागली. थोडा कापूस पिंजून झाल्यावर चाचा म्हणाले, "वाचलेल्या चौघांनी पुन्हा बालले पाय लावला नाही. पुढच्या दसऱ्याले जो जो आपली जागा सोडून गेला होता तो तो परत येऊन उभा राह्यला. कोणी कोणाले बोलावलं नाही. मी माह्या भाईच्या जागी. कप्तान लक्ष्मणच्या जागी. तवापासून हेच चालू हाये. अन तुमचा तो गजा, त्याचा बाप कोण, मालूम हाये?"

आता ते मला सांगायची गरज नव्हती. लक्ष्मण गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेला तो पोरगा होता.

मी उशी घेऊन घरी आलो. साथ काय फक्त फुटबॉल खेळणाऱ्यांना आली होती? ज्या गावात कुणी चेंडू पाहिलाही नव्हता तिथेही घरं ओस पडली होती. अनसिंगला, किन्हीराजाला, सगळीकडे. हे सगळं कप्तानांना सांगावं असं वाटलं, आणि लगेच कळलं की हे त्यांना पंधरा वर्षांत शंभर जणांनी सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून वाक्य आलं तेव्हा मी निमूटपणे म्हटलं. नेहमीसारखंच चुकलं.

त्या दिवाळीला महादेव आला. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. वडलांना अकोल्याला चला म्हणून दरवर्षी विनवायचा. कप्तान त्याच्याशी वाईट वागायचे नाहीत, पण त्याच्याकडे पाहायचेही नाहीत. तो जेवायला बसला की ते बैलांना पाणी पाजायला उठायचे. एका संध्याकाळी महादेव माझ्या ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि एकदम म्हणाला, "मास्तर, तुमी बाबाच्या रोजच्या जवळचे म्हून सांगतो. मी जिता हाओ, हेच त्याहिचं दुखणं हाये." मी काहीतरी समजुतीचं बोललो. तो हसला. "नाही जी, राग नाही मले. मी पोरं-बाळं घेऊन येतो तवा ते नातवाले मांडीवर घेतात अन त्याचे पाय उपरण्याखाली झाकून ठेवतात. कोणाले दिसू नाही म्हून." हे बोलताना त्याने स्वतःचेच पाय आत ओढून घेतले.

मी वाशीमला असतानाचा शेवटचा दसरा जवळ आला तेव्हा कारंज्याहून एक गडी निरोप घेऊन आला. भला पोरगा होता, मान खाली घालून बोलला. "कप्तान, राग मानू नका जी. गेल्या साली तुमच्याकडचे एक आबा पडले, त्याहिच्या नाकातून रक्त आलं. आमची पोरं घरी जाऊन जेवली नाहीत. म्हाताऱ्या माणसाहिले पाडून जिकणं बरं नाही वाटत. औंदा जवान पोरं असतील तर येतो. नाही तर हे आता बंद करू."

कप्तानांनी त्याला गूळ-पाणी दिलं, वेशीपर्यंत पोहोचवलं. परत आले ते थेट गोठ्यात गेले. जाळीतला चेंडू काढून मांडीवर घेऊन बसले. तो चेंडू त्यांनी किती वेळ चोळला कोण जाणे, मी शाळेतून परत आलो तेव्हाही ते तिथेच होते. "मास्तर," ते म्हणाले, "हे बंद पडलं तं त्या सात पोट्ट्याहिचं नाव कोण घेईन? दसऱ्याले कारंज्याचे लोक येतात म्हून तरी गावात त्याहिची आठवण निघते." मी म्हणालो, "मग गजाला बोलवा. पोरं तयार आहेत." त्यांनी मान हलवली. "थे नाही होत माह्याच्यानं." एवढंच म्हणाले. रडगाणं नव्हतं, आरडाओरडा नव्हता. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात नेहमीप्रमाणे म्हातारे जमले. कारंजेकर येणार की नाही याचाच पत्ता नव्हता, तरी जमले. कुठे जाणार? कप्तान लोणी-हळदीची वाटी घेऊन बाहेर आले. कुंपणापलीकडे गजा आणि शाळेतली पोरं उभी होती. त्यांना मी आणलं नव्हतं. दरवर्षी ती तिथे उभी राहून हा सोहळा पाहायची, तशीच आजही आली होती.

कप्तान पहिल्या म्हाताऱ्यापुढे बसणार तोच फाटकातून एक बाई आत आली. पांढऱ्या केसांची, वाकलेली, पण चालणं ठाम. मी तिला चार वर्षांत या अंगणात कधी पाहिलं नव्हतं. बसलेले सगळे म्हातारे एकदम उभे राहिले. सुभद्राबाई कुंपणाशी गेली, गजाचं मनगट धरून त्याला आत ओढलं आणि कप्तानांसमोर पाटावर बसवलं.

"भाऊ, वाटीत लोणी हाये ना?"

"हाये, वयनी."

"मंग याच्या गुडघ्याले लावा."

कप्तान जमिनीकडे पाहत म्हणाले, "याचे घोटे बारीक हायेत."

"याच्या बापाचेही असेच होते. तवा तुमाले दिसले नाहीत?"

गोठ्यात बैलाने मान झटकली, तेवढा घुंगराचा आवाज झाला.

"वयनी, तुमी त्या दिवशी जे बोलल्या ते खोटं नोहतं," कप्तान म्हणाले. सोळा वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"खोटं नसन. पोटात आग होती, बोलली मी. तुमचं पोरगं उभं दिसलं अन माहं नाही दिसलं, म्हून बोलली." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "पण भाऊ, मी ते एका दिवशी बोलली. तुमी कायले रोज आयकून राह्यले? हे पोट्टं झोपेत पाय झाडते. त्याचा बापही झाडे. मी रातभर त्याच्या पायावर हात ठेवून बसते. याले तुमी खेळू नाही देलं म्हून माह्या लक्ष्मण परत येईन का?"

कप्तान खाली बसले. हात टेकत, एकेक गुडघा मोडत बसले. दोन बोटं वाटीत बुडवली आणि गजाच्या गुडघ्याला लावली. मग तळवा लावला. मग दोन्ही हातांनी ते तो गुडघा चोळत राहिले, आणि घोट्यांपर्यंत गेले, ते बारीक घोटे त्यांनी दोन्ही मुठींत धरले. तोंडाने म्हणाले, "आज आवतन घ्या..."

पुढचं वाक्य आलं नाही. ओठ हलत होते. गजा मान वर करून वाट पाहत होता. सगळं अंगण वाट पाहत होतं. मला वाटलं आता हा म्हातारा उठून आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि सगळं संपेल.

मागून उस्मानचाचांचा खरखरीत आवाज आला. "उद्या खेळायले या."

गजा हसला. कुंपणापलीकडची पोरं धडाधड आत आली. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या गुडघ्यांना हळद लागली. प्रत्येकापुढे कप्तान पहिलं अर्धं म्हणायचे आणि उस्मानचाचा दुसरं. एक माणूस तेवढ्यात कारंज्याकडे घोडं घेऊन निघाला. सुभद्राबाई शेवटपर्यंत दाराशी उभी होती. जाताना ती कप्तानांशी बोलली नाही. फक्त त्यांच्या हातातली रिकामी वाटी घेऊन हौदावर विसळून आणून ठेवली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी वाशीम सोडलं. पुढे कधीतरी कप्तान गेल्याचं ऐकलं. शेवटी अकोल्याला महादेवाकडे होते, एवढं कळून मला बरं वाटलं. ताप आला होता म्हणे, साधाच. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेले कप्तान आजारी नाहीत. ते दसऱ्याच्या दुपारी मैदानाच्या कडेला उभे आहेत.

उजळ धोतर, डोक्याला लाल पागोटं. सामना सुरू झालेला. सगळं वाशीम लोटलेलं, नवी पोरं पाहायला. कारंज्याचे गडी खुशीत होते, समोर तरुण पाहून त्यांनाही जोर चढला होता. आणि कप्तान मैदानाकडे पाठ करून उभे होते. तोंड कारंज्याच्या रस्त्याकडे, जिथे बाभळीखेरीज पाहण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या शेजारी गेलो. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"मास्तर, सारे उभे हायेत ना?"

"उभे आहेत, कप्तान. वळून पाहा ना."

"नाही. तुमीच सांगा."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. सारे उभे हायेत ना? कुणाला खोकला तर नाही? लोक ओरडले की त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतायची. मी सांगत होतो, आपला गोल झाला. ते विचारत होते, पडला तर नाही कोणी? शेवटी मी एकेकाचं नाव घेऊ लागलो. वर्गातली हजेरी मला पाठ होती. नाव घ्यायचं आणि सांगायचं, आहे, तो तिकडे आहे, तो चेंडूमागे आहे. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. माझी अकरा नावं संपली, गजाचं सगळ्यात शेवटी घेतलं. कप्तानांची मान हलली नाही. ते बाभळीकडे पाहत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

"अन लक्ष्मण?" त्यांनी विचारलं.

मी मैदानाकडे पाहिलं. गजा चेंडू घेऊन निघाला होता, गुडघ्यांवर कालची हळद, मागे दोघे तिघे धापा टाकत. त्याच्या बापाला मी कधी पाहिलं नव्हतं.

"पळून राह्यला, कप्तान," मी म्हणालो. "लय पळून राह्यला."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. माझी वऱ्हाडी त्यांना हसू आणणारी होती नेहमी. त्या दिवशी ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "पळू द्या त्याले."